लिनक्स : अपडेटनंतर ब्राउझरमधील व्हिडिओ अडखळणे

प्रणाली अद्ययावत केल्यावर ब्राउझरमधला व्हिडिओ अडखळू लागणे, पंख्याची घरघर वाढणे, बॅटरी झपाट्याने उतरणे, ही लिनक्सवर वारंवार आढळणारी तक्रार आहे. व्हिडिओ डिकोड करण्याचे काम ग्राफिक्स चिपकडून सुटून प्रोसेसरवर येणे, हे तिचे नेहमीचे कारण. चिपमध्ये या कामासाठी स्वतंत्र मंडल असते. इंटेलने विकसित केलेल्या व्हीए-एपीआय या दुव्यामार्फत ब्राउझर त्याच्यापर्यंत पोहोचतो. मध्ये ड्रायव्हर असतो आणि तळाशी कर्नल. यांपैकी काहीही बिनसले, तरी ब्राउझर त्रुटीचा संदेश न दाखवता मुकाट्याने प्रोसेसर वापरतो. खरी अडचण या मौनाची आहे.

फेडोरा या लिनक्स वितरणाचे उदाहरण बोलके आहे. पेटंटविषयक कायदेशीर जोखीम टाळण्यासाठी २०२२ मध्ये फेडोराने मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरसंचाच्या आपल्या पॅकेजमधून एच.२६४, एच.२६५ आणि व्हीसी-१ या कोडेकचे हार्डवेअर डिकोडिंग वगळले. फटका मुख्यतः एएमडी कार्डांना बसला, कारण इंटेलचा व्हिडिओ ड्रायव्हर मेसाबाहेरचा आहे. यूट्यूबवर वापरले जाणारे व्हीपी९ शाबूत राहिले. त्यामुळे ज्यांनी फायरफॉक्समध्ये हार्डवेअर डिकोडिंगची सोय स्वतः चालू केली होती, त्यांच्या नव्या कार्डावर यूट्यूब नीट चाले आणि दुसऱ्या संकेतस्थळावरचा एच.२६४ व्हिडिओ मात्र प्रोसेसरला दमवी. आरपीएम फ्युजन या भांडारातील ‘फ्रीवर्ल्ड’ ड्रायव्हर बसवणे हा त्यावरचा उपाय. फायरफॉक्सने ही सोय इंटेलसाठी ११५ व्या आवृत्तीत (२०२३) आणि एएमडीसाठी १३६ व्या आवृत्तीत (२०२५) आपणहून चालू केली.

निदानापूर्वी संगणक एकदा रीस्टार्ट करावा. नवा ड्रायव्हर आणि जुना चालू कर्नल यांचे अनेकदा जुळत नाही. मग ‘व्हीएइन्फो’ ही आज्ञा चालवून कोणते कोडेक उपलब्ध आहेत ते पाहावे. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:सपोर्ट’ आणि क्रोममध्ये ‘क्रोम://जीपीयू’ ही पाने ब्राउझरची बाजू सांगतात. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ हे नाव दिसल्यास केवळ व्हिडिओ नव्हे, सारे ग्राफिक्सच प्रोसेसरवर चालले आहे. एनव्हिडियाच्या कार्डावर असे झाले, तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचे मॉड्यूल तयार झाले आहे का आणि सही नसल्यामुळे सिक्युअर बूटने ते अडवले आहे का, हे तपासावे.

प्रणालीत सर्व ठीक असूनही ब्राउझर अडखळत असेल, तर तो स्नॅप किंवा फ्लॅटपॅक स्वरूपाचा आहे का ते पाहावे. असे ब्राउझर आपल्या वेगळ्या लायब्ररी वापरतात; उबुंटूने २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप स्वरूपातच दिला आहे. कधी दोष अपडेटचा नसतोही: संकेतस्थळ एव्ही१ या कोडेकमध्ये व्हिडिओ पाठवू लागते आणि जुन्या चिपला ते डिकोड करता येत नाही. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरांत ती क्षमता ११ व्या पिढीपासून आली.

संपूर्ण प्रणाली पुन्हा बसवण्याची घाई करू नये. बूट होताना यादीतून जुना कर्नल निवडून पाहणे पाच मिनिटांचे काम आहे. तेवढ्याने भागले नाही, तर फेडोरात ‘डीएनएफ हिस्टरी’ आणि उबुंटूत एपीटीची नोंदवही पाहून नेमके कोणते पॅकेज बदलले ते कळते, आणि तेवढेच मागे घेता येते.