हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

जुन्या पेढ्यांच्या बिलांवर मालाची किंमत, हमाली आणि तोलाई यांच्याखाली ‘धर्मादा’ अशी एक बारीकशी ओळ असे. आणा-दोन आणे गिऱ्हाइकाने द्यायचे, शेठजींनी ते वेगळ्या खात्यावर जमा धरायचे आणि त्यातून पाणपोया, गोशाळा चालायच्या. मुंबईचा पांजरपोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने निघाला. त्याच्या खर्चासाठीही व्यापाऱ्यांनी मालावर लाग बसवला होता. पाटी शेठजींच्या नावाची, पैसा मात्र पुष्कळसा गिऱ्हाइकाचा! तो खरोखर कुणाचा, हा वाद पुढे इन्कमटॅक्स खात्याने उकरून काढला. १९७९ साली हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, धर्मादा हे व्यापाऱ्याचे उत्पन्नच नव्हे.

शेठजींचे एक बरे होते. ते निदान दिसत तरी होते. कंपनीचे काय? ती दान करते म्हणजे नक्की कोण करते? तिला स्वतःचे खिसे नाहीत, आणि मेल्यावर स्वर्गात जाण्याची सोयही नाही. संचालक देतात म्हणावे, तर पैसा भागधारकांचा. अलीकडे तर एक नवीच तऱ्हा रूढ झाली आहे. नोकराने सुटीच्या दिवशी एखाद्या अनाथाश्रमात किंवा रुग्णालयात ठरावीक तास सेवा करावी, आणि तेवढ्यावरून कंपनीने त्या संस्थेला देणगी द्यावी. या चालीची मुळे शोधू गेले की आपण थेट कोर्टात जाऊन पोचतो.

इंग्लंडमध्ये १८८३ साली वेस्ट कॉर्क रेल्वेचा खटला झाला. रेल्वे दुसऱ्या कंपनीला विकली गेली होती, आणि जाताजाता जुन्या अधिकाऱ्यांना व संचालकांना काही रकमा द्याव्या, असा ठराव सभेने केला. न्यायमूर्ती बोवेन यांनी तो मोडीत काढला. कंपनीच्या पैशाने उदार होता येईल, पण त्यात कंपनीचे हित असेल तरच. नुसत्या दानधर्माला संचालकांच्या मेजाशी जागा नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ.

अमेरिकेत या विचाराची कसोटी लागली ती एका अगदी लहान रकमेवरून. न्यू जर्सीत ए. पी. स्मिथ नावाची एक कंपनी होती. पाण्याच्या नळांचे व्हॉल्व्ह आणि आगीच्या बंबांना लागणारे हायड्रंट ती बनवी. कामगार सुमारे ३००. १९५१ च्या जुलैमध्ये तिच्या संचालकांनी प्रिन्स्टन विद्यापीठाला १५०० डॉलर देण्याचे ठरवले. काही भागधारकांनी हरकत घेतली. कंपनी १८९६ साली स्थापन झालेली, तिच्या सनदेत दानाचा उल्लेख नाही, आणि देणग्यांना मुभा देणारे कायदे तर मागाहून झालेले. तेव्हा कंपनीनेच कोर्टाचे दार ठोठावले. त्या १५०० डॉलरांसाठी साक्षीला कोण आले पाहा! न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलचे अध्यक्ष फ्रँक एब्रम्स, यू. एस. स्टीलचे माजी अध्यक्ष आयर्विंग ओल्ड्स, आणि खुद्द प्रिन्स्टनचे अध्यक्ष हॅरल्ड डॉड्स. हायड्रंटवाल्या कंपनीसाठी ही मंडळी धावली नव्हती, हे उघड आहे. सगळ्या उद्योगधंद्याचे खिसे खुले व्हायचे होते. १९५३ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने देणगी वैध ठरवली. पूर्वी संपत्ती व्यक्तींच्या हाती होती, आता ती कंपन्यांच्या हाती गेली आहे. तेव्हा समाजाचे ओझेही त्यांनी उचलले पाहिजे, असा तो युक्तिवाद.

मला तो पटतो, पण पुरता नाही. संपत्ती कंपनीच्या हाती गेली हे खरे. पण प्रिन्स्टनलाच द्यावे, शेजारच्या शाळेला देऊ नये, हे ठरवायचे कुणी? दुसऱ्याच्या पैशाने दान करणाऱ्याची आवडनिवड त्या दानात शिरतेच. आपल्याकडे १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना वर्गणी देता यावी म्हणून आपल्या घटनेत बदल मागितला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी बदलाला अनुमती दिली खरी. पण अशा पैशाने लोकशाहीला धोका संभवतो, असा इशाराही बजावून ठेवला.

‘कुणी ठरवायचे?’ या प्रश्नाला एक चतुर उत्तर जनरल इलेक्ट्रिकने काढले. १९५४ साली त्या कंपनीने जाहीर केले की, आमच्या नोकराने आपल्या जुन्या कॉलेजला जेवढी देणगी द्यावी तेवढीच, काही मर्यादेपर्यंत, आम्हीही देऊ. म्हणजे दिशा नोकराने दाखवायची, आणि आधी स्वतःच्या खिशाला चाट लावून घ्यायची. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचे, पण स्वतःच्या घरावर ठेवल्यानंतर! मला वाटते, या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी युक्ती. उणीव एवढीच की, कॉलेजात गेलेला आणि शिल्लक बाळगणारा नोकरच तिचा लाभ घेऊ शके. तारा ओढणाऱ्या माणसाने काय द्यावे?

त्याच्याजवळ हात होते. अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांतील जुन्याजाणत्या नोकरांनी १९११ साली बोस्टनला ‘टेलिफोन पायोनिअर्स’ नावाची संघटना काढली होती. पहिले सभासद खुद्द अलेक्झांडर ग्रॅहम बेल. प्रारंभी तो निव्वळ स्नेहमेळावा. २१ वर्षे नोकरी झालेल्यांनी जमावे, जुन्या आठवणी काढाव्या, जेवावे, घरी जावे. १९५८ साली संघटनेने समाजसेवेचे व्रत घेतले आणि तिचा सारा नूरच पालटला. १९६० पासून ही मंडळी अंधांसाठी असलेल्या ‘बोलत्या पुस्तकांची’ यंत्रे दुरुस्त करू लागली. लायब्ररी ऑफ काँग्रेस ही यंत्रे देशभर अंधांना घरपोच देई, आणि यंत्रच ते, बिघडायचेच. ज्यांचा सारा जन्म तारा जोडण्यात गेला त्यांना ते काम म्हणजे हातचा मळ. १९६४ साली कोलोरॅडोकडच्या टेलिफोन कंपनीतल्या एका इंजिनियराने सॉफ्टबॉलच्या पोटात ‘बीप बीप’ करणारे यंत्र बसवले. चेंडू दिसत नसला तरी ऐकू येऊ लागला, आणि अंध मुलांना बॅट हाती धरता आली. पुढे या खेळाची राष्ट्रीय संघटना झाली. संचालकांच्या सभेत असा चेंडू कधी सुचला असता असे मला वाटत नाही.

परंतु टेलिफोनच्याच धंद्यात या दानाला आणखी एक धनी निघाला. टेलिफोनचे दर सरकारी आयोग ठरवी, आणि कंपनीचा खर्च धरून ठरवी. मग देणगी खर्चात धरली तर ती भरणार कोण? टेलिफोन वापरणारा! कॅलिफोर्नियाच्या आयोगाने पॅसिफिक टेलिफोन कंपनीच्या देणग्या हिशेबातून वगळल्या, आणि १९६५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. दान करायचे तर भागधारकांच्या पैशातून करा, गिऱ्हाइकावर सक्तीने लादू नका. आपली धर्माद्याची ओळ इथे निराळ्या वेषात पुन्हा भेटते.

सत्तरच्या दशकात पैसा आणि वेळ यांची सांगड बसली. १९७१ साली झेरॉक्सने काही नोकरांना पूर्ण पगारावर वर्षापर्यंत समाजकार्यासाठी रजा देण्यास प्रारंभ केला. १९७२ साली आयबीएमने एक निधी काढला; नोकर ज्या संस्थेत स्वतः राबतो तिच्यासाठी त्याने तिथून पैसा मागावा. पुढे तासांचे भाव ठरले, अर्ज छापले गेले, आणि ही चाल सर्वत्र पसरली. तिच्यात खोट नाही असे नाही. माझ्या ओळखीच्या एका कचेरीत शनिवारी समुद्रकिनारा साफ करायला जाणाऱ्यांची यादी साहेबांच्या मेजावर असे, आणि नाव न दिलेल्यांकडे सोमवारी साहेब ज्या नजरेने पाहत, तिला स्वेच्छा म्हणणे कठीण.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने निराळीच वाट धरली. ज्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटींची, उलाढाल १००० कोटींची किंवा निव्वळ नफा ५ कोटींचा, अशा कंपन्यांनी मागल्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे, असे ते कलम. मग नोकर कामाच्या वेळात सेवा करतो त्याचे काय? जून २०१४ च्या परिपत्रकाने सांगितले, तेवढ्या तासांचा पगार खर्चात धरा. पण ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने प्रश्नोत्तरांचे नवे परिपत्रक काढले: नोकरांच्या सहभागाचे मोल रुपयांत करून या २ टक्क्यांत दाखवता येणार नाही. कंपनीने पैसे द्यायचे ते द्यावेतच. नोकराचे तास निराळे राहिले, आणि ते कंपनीच्या नावे कुठेच जमा होत नाहीत.