ऑयलरला खोटं पाडणारे श्रीखंडे आणि आपलं हॅश टेबल

आजचा भाग छोटा आहे, पण सुरुवात थेट १७८२ पासून.

लॅटिन चौरस म्हणजे सुडोकूचा आजोबा. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच. असे दोन चौरस एकमेकांवर ठेवायचे. चिन्हांची प्रत्येक जोडी बरोबर एकदाच आली, तर ती जोडगोळी ऑर्थोगोनल. ऑयलरचा अंदाज असा, की ६, १०, १४, १८ अशा आकारांत हे जमणारच नाही. १९०१ मध्ये गॅस्टन तारी यांनी ६ साठी तो खरा ठरवला.

आणि १९५९ मध्ये अंदाज कोसळला. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे आणि त्यांचे गुरू राजचंद्र बोस यांनी २२ चे चौरस बनवले, अर्नेस्ट पार्कर यांनी १० चे. मग तिघांनी मिळून ६ नंतरचे सगळे आकार निकालात काढले. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर! श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले. बीटेकच्या चार वर्षांत हे नाव मी एकदाही ऐकलं नाही.

आता याचा कोडिंगशी संबंध काय? चौरसातलं एक घर चिठ्ठी टाकून निवडा. त्याचे चार आकडे: ओळ, स्तंभ, पहिलं चिन्ह, दुसरं चिन्ह. एक आकडा कळला तरी दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. दोन कळले, की मात्र सगळंच उघड. म्हणजे स्वतंत्रपणा दोघांपर्यंतच. १९८१ मध्ये वेगमन आणि कार्टर यांनी हॅश फंक्शनकडे हाच स्वतंत्रपणा मागितला: दोघांपर्यंत, तिघांपर्यंत, हवा तितका.

टेबल वापरणारं हॅशिंग त्याआधीचं. १९७० मध्ये आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी ते पटावरच्या खेळांसाठी सुचवलं. आपण सोलापुरी चादर घेऊ. एका टेबलात प्रत्येक रंगाला रँडम आकडा, दुसऱ्यात प्रत्येक नक्षीला. दोन्हींचा एक्सॉर केला, की चादरीचा हॅश तयार. कुठल्याही तीन चादरी घ्या, हॅश एकमेकांपासून स्वतंत्र. पण लाल-फूल, लाल-मोर आणि निळी-फूल यांचे हॅश एक्सॉर करा: लाल कटतो, फूल कटतं, उरते निळी-मोर. चौथी चादर न बघताच कळली!

म्हणजे ही पद्धत कच्ची? लिनिअर प्रोबिंगमध्ये खण भरलेला असला की पुढचा बघतात. त्यासाठी पाचपर्यंतचा स्वतंत्रपणा पुरतो हे २००७ मध्ये सिद्ध झालं, आणि नुसत्या चारच्या हमीवर भागत नाही हेही पुढे कळलं. इथे तर तीनच. तरीही २०११ मध्ये मिहाई पात्राश्कु आणि मिक्केल थोरुप यांनी दाखवलं, की साधी टेबलं इथे मस्त चालतात. कारण त्यांच्यातलं नातं चादरींसारख्या ठरावीक रचनांतच सापडतं, वाट्टेल तिथे नाही. पात्राश्कु पुढच्याच वर्षी गेले, अवघ्या २९ व्या वर्षी.

तेव्हा कोणी म्हटलं, "रँडम आहे ना, मग झालं," तर एवढंच विचारा: किती जणांपर्यंत? आणि नातं उरलंच, तर ते कुठे?