ओताक्सा : फुलाच्या नावात दडलेली स्त्री

बागेतल्या निळ्या-गुलाबी, गेंदेदार हायड्रेंजियाला एकेकाळी ‘हायड्रेंजिया ओताक्सा’ असे शास्त्रीय नाव होते. नाव देणाऱ्याने ते जपानमधले स्थानिक नाव असल्याचे सांगितले. जपानात मात्र या फुलाला सारे ‘अजिसाई’ म्हणत. मग ‘ओताक्सा’ आले कोठून? #थ्रेड

१८२३ साली फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड हा जर्मन वैद्य डचांच्या चाकरीत नागासाकीला आला. परकीयांना तेव्हा जपानात मोकळीक नव्हती. बंदरातल्या देजिमा नावाच्या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर मूठभर डच व्यापारी राहत. गणिकांखेरीज जपानी स्त्रियांना तेथे प्रवेश नसे. कुसुमोतो ताकी तेथे आली ती गणिका म्हणूनच नोंदली जाऊन. १८२७ मध्ये तिला व सीबोल्डला मुलगी झाली : इने.

सीबोल्ड रुग्ण तपासी, शिष्यांना वैद्यक शिकवी आणि मोबदल्यात वनस्पती, वस्तू व माहिती जमवी. देजिमावर त्याने बागही केली. हा संग्रहाचा हव्यासच अखेर अंगाशी आला. १८२८ मध्ये त्याच्याजवळ जपानचे नकाशे असल्याचे उघड झाले. परकीयाला नकाशा देणे हा तेथे भयंकर गुन्हा. ते देणारा एदोचा राजज्योतिषी ताकाहाशी कागेयासु तुरुंगातच मरण पावला. त्याचे प्रेत मिठात ठेवून नंतर त्याला मृत्युदंडाची शिक्षा सुनावण्यात आली. सीबोल्डला केवळ हद्दपारी. विद्वत्तेची किंमत कोणी मोजली, हे इतिहासात अनेकदा असेच दिसते.

१८२९ च्या अखेरीस तो निघाला. ताकी व दोन वर्षांची इने मागे राहिल्या.

युरोपात त्याने वनस्पतिशास्त्रज्ञ झुकारिनी याच्यासह ‘फ्लोरा जापोनिका’ हा ग्रंथ १८३५ पासून भागाभागाने काढला. त्यातच ‘ओताक्सा’ अवतरले. पुढे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ माकिनो तोमितारो यांनी कोडे उलगडले : ताकीला आदराने म्हणत ‘ओ-ताकी-सान’, तेच जर्मन कानाने टिपलेले ‘ओताक्सा’. माकिनो मात्र हे प्रेम पाहून हळवे झाले नाहीत. गणिकेचे नाव फुलाला दिले म्हणून ते संतापले! ताकीवर हा दुसरा अन्याय म्हणावा लागेल.

फुलाची गोष्टही सरळ नाही. थुन्बर्ग या स्वीडिश वैद्याने १७८४ मध्येच त्याचे वर्णन केले होते, पण निराळ्या कुळात, ‘व्हायबर्नम’ म्हणून. आपण पाकळ्या समजतो ती वस्तुतः रंगीत निदले. गेंदेदार प्रकारात बहुतेक फुले वांझ असतात. म्हणून हे झुडूप बियांऐवजी कलमांनी, म्हणजे फांदीच्या तुकड्यांनी, वाढवतात. आम्लधर्मी मातीत मुळे अ‍ॅल्युमिनियम शोषतात आणि फूल निळे होते. चुनखडीच्या मातीत तेच झुडूप गुलाबी फुलते. जपानच्या पावसाळी, आम्ल मातीत निळा रंग सहज येतो. छाटणीचे गणितही ध्यानात ठेवावे लागते. या जातीच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या जुन्या फांद्यांवर आधीच्या मोसमाच्या अखेरीस धरतात. म्हणून छाटणी फुलोरा संपताच करतात. हिवाळ्यात कात्री चालवणाऱ्याच्या वाट्याला नुसती पाने येतात. सकाळचे ऊन, दुपारची सावली व सतत ओल ही त्याची बाकीची मागणी.

सीबोल्ड १८५९ मध्ये, तीस वर्षांनी, जपानला परतला. मधल्या काळात त्याचे युरोपात लग्न झाले होते, ताकीचेही दुसरे लग्न झाले होते. इने वडिलांच्याच शिष्यांकडे वैद्यक शिकून प्रसूतीची वैद्य झाली होती. १८७० मध्ये तिने टोकियोत दवाखाना काढला, आणि १८७३ मध्ये राजघराण्यातल्या एका प्रसूतीसाठी तिला बोलावणे आले.

‘ओताक्सा’ ही वेगळी जात आज मानली जात नाही. ती ‘हायड्रेंजिया मॅक्रोफायला’त विलीन झाली आहे. नागासाकीने मात्र अजिसाईला शहराचे फूल केले, आणि तेथे पावसाळ्यात भरणाऱ्या पुष्पमहोत्सवाच्या नावात ‘ओताकुसा’ आजही वाचायला मिळते.