ऐनाची साल, मुशीचे तेल

रायगडच्या किनाऱ्यावर बोंबील आणि जवळा पकडायचे जुने साधन म्हणजे डोल. खुंटांना बांधलेली ही लांबलचक जाळीदार पिशवी प्रवाहात तोंड उघडून उभी राहते आणि मासळी आत वाहत येते. पाण्याला ओढ असेल तरच डोल चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती समुद्रात असते. अष्टमीच्या आसपास भांग लागला, प्रवाह मंदावला की किनाऱ्यावर येते. नायलॉन येण्याआधी हे भांगाचे दिवस विश्रांतीचे मुळीच नव्हते. जाळे कुजू न देण्याची लढाई तेव्हाच लढली जाई.

कारण जाळे तागाचे किंवा कापसाच्या सुताचे असे. ओला धागा म्हणजे जिवाणूंना मेजवानीच. मासळीचा चिकटा आणि चिखल त्यात भर घालत. धुतल्या-वाळवल्याशिवाय गुंडाळून ठेवलेले जाळे बघता बघता हाताने तुटू लागे. त्यावरचा उपाय सह्याद्रीच्या जंगलात होता. ऐनाची साल पाण्यात उकळायची, त्या लालसर काढ्यात जाळे बुडवायचे आणि मग उन्हात पसरायचे. सालीतले टॅनिन धाग्यात मुरले की कुजणे लांबे. मात्र समुद्राचे पाणी ते हळूहळू धुऊन काढी, म्हणून हा सोपस्कार पुन्हा पुन्हा करावा लागे.

याच विद्येचा धागा थेट युरोपपर्यंत जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड आणि फ्रान्सच्या किनाऱ्यांवरचे मच्छीमार जाळी आणि शिडे कातात उकळत. हा कात खैराचा, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातून बोटींनी जाणारा. तिकडच्या चित्रकारांना भुरळ घालणाऱ्या तांबूस शिडांचे गुपित असे विडा रंगवणाऱ्या वस्तूत होते.

जाळ्याचे वेळापत्रक पंधरवड्याचे, तर होडीचे वर्षाचे. लाकडी तळाचा खरा वैरी खडक नव्हे, तर लाकूड पोखरणारा किडा. दिसायला किडा, पण जातीने शिंपल्यांचा भाऊबंद. १५०३ साली कोलंबसाची उरलेली जहाजे यानेच चाळण केल्यामुळे त्याला जमैकात अडकून पडावे लागले. सागवान त्याला बराच काळ दाद देत नाही, पण कायमचे अभय नाहीच. म्हणून ओहोटीला होडी कोरडी पाडून तळ खरवडायचा, फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायचा आणि वरून तेलात खललेला चुना फासायचा. पाण्याबाहेरच्या लाकडाला मुशीच्या काळजाचे तेल. त्याचा वास कसा असे, हे विचारू नये!

राज्यकर्त्यांनाही हे ठाऊक होते. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. दर्या खवळण्याआधीच जहाजे किल्ल्याच्या आश्रयाच्या, आडोशाच्या बंदरात छावणीला न्यावीत, असे त्यात बजावले आहे. जहाजांसाठी लाकूड कोणते तोडावे आणि रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, हेही त्यात येते. त्याच काळात कुलाबा किल्ल्यावरून कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते अरबी समुद्रात दरारा गाजवत होती. आंग्र्यांच्या लढायांवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या जहाजांचे तळ खरवडणारे, फटी बुजवणारे हात मात्र इतिहासाने फारसे नोंदवले नाहीत, आणि हा पक्षपातच म्हणायला हवा. गळके गलबत कोणती लढाई जिंकणार?

इंग्रजांनी दुसरी वाट धरली. १७६१ मध्ये त्यांच्या नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. किडा थांबला, पण खाऱ्या पाण्यात तांब्याच्या शेजारचे लोखंडी खिळे झिजून गेले. तांबेही हळूहळू झिजे, म्हणून १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने त्याला जस्त किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. ते तुकडे झिजत आणि तांबे शाबूत राही. गंमत म्हणजे तांबे इतके शाबूत राहिले की त्याचा विषारीपणा पाण्यात उतरेना आणि तळाला पुन्हा शिंपले चिकटू लागले.

स्वातंत्र्यानंतर रायगडच्या बंदरांत, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, हळूहळू इंजिने आली आणि मागोमाग नायलॉन. नायलॉन कुजत नाही. ऐनाच्या काढ्याची भांडी थंड पडली, आणि त्याबद्दल उसासे टाकण्यात अर्थ नाही. ते काम कष्टाचे होते. पण देखभाल संपली नाही, तिचा शत्रू बदलला. नायलॉनला जिवाणू खात नाहीत, ऊन खाते. जे जाळे पूर्वी उन्हात पसरायचे, ते आता सावलीत झाकून ठेवणे शहाणपणाचे. शिवाय न कुजणारे जाळे तुटून समुद्रात राहिले, तर वर्षानुवर्षे मासे अडकवत राहते. तागाच्या जाळ्याने हा उपद्रव कधी इतका काळ केला नव्हता.

डेव्हीचे जस्तही किनाऱ्यावर पोहोचले आहे. यांत्रिक बोटींच्या पंख्याजवळ आणि सुकाणूवर जस्ताचे ठोकळे बसवतात आणि झिजले की बदलतात. ते काम, इंजिनाची दुरुस्ती, रंग आणि जाळ्यांची विणाई आजही पावसाळ्यातच उरकली जाते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बोट तयार नसेल तर हंगामाची सुरुवातच हुकते.