बालसेवेतील कृतार्थता : ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ

स्त्रीच्या जीवनाची कृतार्थता कशात आहे, हा प्रश्न आपल्या समाजाने अनेकदा विचारला. परंतु त्याचे उत्तर मात्र त्याने बहुधा आधीच ठरवून ठेवलेले असे. पती, संतती व संसार यांच्या चौकटीत जी सामावली ती कृतार्थ. आणि जिची चौकट दैवाने वा माणसांनी मोडली, तिच्यासाठी सहानुभूतीचे चार शब्द. यापलीकडे विचार क्वचितच गेला. विसाव्या शतकात महाराष्ट्रातील ज्या स्त्रियांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या कार्याने दिले, त्यांत कै. ताराबाई मोडक व कै. अनुताई वाघ यांचे स्थान फार वरचे आहे. मॉरिशसमधील आपल्या मराठी समाजास, आणि विशेषतः आपल्या मुलींस, या दोघींच्या कार्याचा परिचय व्हावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली झाला. त्यांचे माहेर केळकरांचे. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजातील सुधारक होते. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजता येतील एवढ्याच होत्या. पुढे त्यांचा विवाह झाला, परंतु तो टिकला नाही. राजकोट येथे अध्यापिका तयार करणाऱ्या संस्थेचे प्राचार्यपद त्यांनी काही काळ सांभाळले. मान होता, स्थैर्य होते. तरीही ते सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या हाताखाली काम करण्यास गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले होते, आणि मुलांवरील त्यांच्या मायेमुळे गुजरातेत त्यांना 'मिशाळ आई' अशा अर्थाचे लाडके नाव पडले होते. भय व मार यांच्या बळावर चालणारी शाळा मोडून मुलाच्या स्वतःच्या उत्साहावर चालणारी शाळा उभारावी, हा दोघांचाही ध्यास होता. १९२६ साली त्यांच्या प्रयत्नांतून नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि १९३६ साली ताराबाईंनी मुंबईस दादर येथे शिशुविहार ही बालशाळा काढली.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. ज्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीवर ही बालमंदिरे उभी होती, त्यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब कष्टकऱ्यांच्या वस्तीत सुरू झाले होते. आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी ते होते. पण ही पद्धत हिंदुस्थानात पोहोचेपर्यंत तिची साधने महाग झाली होती, आणि तिचा लाभ मुख्यतः शहरांतील सुखवस्तू घरांस होत होता. १९३१ साली लंडन येथे माँटेसरीबाईंच्या उपस्थितीत बोलताना गांधीजींनी, हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंतही पोहोचावे, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. ताराबाईंच्या मनातही हाच प्रश्न घोळत होता. दादरची शाळा उत्तम चालली असता, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. ज्या वयात माणसे सेवानिवृत्तीचा हिशेब मांडू लागतात, त्या वयात त्यांनी आपल्या कार्याचा नवा आरंभ केला.

बोर्डीस त्यांच्यासोबत आल्या त्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत त्या विधवा झाल्या. बालविधवेच्या वाट्यास त्या काळी काय येई, हे सांगण्याची गरज नाही. अनुताईंनी मात्र शिक्षणाचा मार्ग धरला. १९२९ साली पुण्यात अध्यापिकेची परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण होऊन त्यांनी प्रथम नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे व नंतर पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकविले. नोकरी सांभाळून, रात्रशाळेत बसून त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या. १९४५ साली बोरिवली येथे भरलेल्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. त्या वेळी अनुताई पस्तीस वर्षांच्या होत्या. पुण्यातील स्थिर नोकरी सोडून त्या ज्या बोर्डीस गेल्या, ते परत येण्यासाठी नव्हे.

हा मुलूख कसा होता, याची कल्पना आल्याशिवाय या कार्याची थोरवी ध्यानात येणार नाही. डहाणू, उंबरगाव व तलासरीच्या परिसरात वारली व इतर आदिवासी राहत. त्यांच्या जमिनी सावकार व जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या आणि त्यांच्याकडून वेठबिगार घेतली जाई. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण ते फिटेपर्यंत धनकोच्या घरी राबे. अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत. नवरा लग्नगडी झाला की बायकोही राबे. १९४५ सालीच गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठीविरुद्ध लढा पुकारला. गोदूताईंचा मार्ग संघर्षाचा, ताराबाई-अनुताईंचा मार्ग शिक्षणाचा. दोहोंची विचारसरणी भिन्न होती. परंतु ज्या माणसांस कोणी माणूस म्हणून मोजत नव्हते, त्यांच्याकडे एकाच वर्षी तीन स्त्रिया दोन वाटांनी गेल्या, ही गोष्ट इतिहासाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

आपले पूर्वज १८३४ ते १९१० या काळात कराराने बांधले जाऊन या बेटावर आलेल्या सुमारे साडेचार लक्ष हिंदी मजुरांपैकीच होते. त्यांतील आपले मराठी लोक बहुतांशी मुंबई बंदरातून आले. त्यामुळे लग्नगड्याची कथा आपणांस सर्वस्वी परकी वाटू नये. बांधल्या गेलेल्या माणसाचे मूलही बांधलेलेच जन्मास येते. ती गाठ प्रथम कोठे सोडवावी, हा प्रश्न तेथेही होता व येथेही होता.

बोर्डीच्या बालवाडीत सोयीच्या घरांतील मुले येऊ लागली, परंतु आदिवासी पाड्यांवरील मुले येईनात. सामान्य शिक्षकाने येथे पालकांस दोष दिला असता. 'त्यांना शिक्षणाची आवड नाही' हे वाक्य आम्हां शिक्षकांच्या तोंडी किती सहज येते! या दोघींनी मात्र दोष आपल्या शाळेच्या रचनेत शोधला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. आणि पाड्यावरील एखाद्या झोपडीसमोरचे अंगण झाडून तेथेच वर्ग भरविला. हीच अंगणवाडी होय. मुलांस आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे येथपासून दिवसाचा आरंभ होई. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे व माती ही त्यांची साधने झाली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद शिकविण्यास समुद्रकिनारा व रान पुरेसे होते.

तरीही काही मुले येत नसत, कारण ती रानात गुरे राखीत. मग शिक्षक गुरांमागे कुरणात गेले आणि तेथे 'कुरणशाळा' निघाली. काही मुली येत नसत, कारण आई मजुरीस गेल्यावर धाकटे भावंड त्यांच्या कडेवर असे. मग बालवाडीला लागून पाळणाघर आले. पुढे केंद्र १९५६-५७ च्या सुमारास डहाणू तालुक्यातीलच कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणणारी 'विकासवाडी' आकारास आली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात, अशी तिन्ही भावंडे एकाच जागी राहू लागली. ही योजना कोणत्याही परकीय ग्रंथातून उचललेली नव्हती. पाड्यावरील एका मुलीची अडचण नीट पाहण्यातून ती सुचली होती.

या ठिकाणी मला माझ्या थोरल्या आत्याचे स्मरण होते. माझी आजी पहाटे उसाच्या मळ्यात जाई, आणि सात वर्षांची आत्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरी राही. तो भाऊ, म्हणजे माझे वडील, पुढे शाळेत गेला. आत्याला मात्र जन्मभर सही करता आली नाही; ती अंगठा उठवीत असे. आमच्या घराला कोणी आळशी वा अडाणी म्हणू शकले असते. खरी उणीव होती ती मळ्याच्या कडेला एका पाळण्याची, आणि तो हलविण्यास एका शहाण्या स्त्रीची. कोसबाडच्या विकासवाडीचे मोल मी या एका उदाहरणाने जाणते.

ताराबाईंस भारत सरकारने १९६२ साली पद्मभूषण दिले. १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. अठ्ठावीस वर्षांच्या सहवासानंतर अनुताई एकट्या उरल्या, परंतु कार्य थांबले नाही. दरम्यान, १९६१ साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी त्या पदवीधर झाल्या होत्या. दुसऱ्यांस शिकविताना स्वतः शिकणे त्यांनी कधी सोडले नाही. आपले अनुभव त्यांनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' या ग्रंथात लिहून ठेवले. १९८५ साली त्यांस पद्मश्री मिळाली, आणि १९९२ च्या सप्टेंबरात त्यांची जीवनयात्रा संपली. तत्पूर्वी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली होती. तिच्या गावोगावच्या केंद्रांस नाव मिळाले ते अंगणवाडी. पाड्यावरील झाडलेल्या अंगणाचे ते नाव पुढे भारतभर लक्षावधी केंद्रांस लागले.

या दोघींच्या चरित्रांकडे पाहताना आपण बहुधा एकच शब्द उच्चारतो, तो म्हणजे त्याग. हा शब्द खोटा नाही, परंतु अपुरा आहे. आणि मला तो थोडा धोक्याचाही वाटतो. मोडलेल्या संसाराचे दुःख विसरण्यासाठी या स्त्रियांनी परक्यांची मुले जवळ केली, असे मानले की त्यांच्या बुद्धीचे श्रेय आपण सहज नाकारतो. अंगणवाडी, कुरणशाळा व विकासवाडी या शिक्षणशास्त्रातील स्वतंत्र कल्पना आहेत. त्यांमागे निरीक्षण आहे, प्रयोग आहे आणि फसलेला प्रयोग बदलण्याचे धैर्य आहे. डॉक्टरास रोग ओळखल्याने, शेतकऱ्यास पीक उभे राहिल्याने जो आनंद होतो, त्याच जातीचा आनंद या दोघींस मिळाला असला पाहिजे. एरवी एक स्त्री सत्तेचाळीस वर्षे त्या मुलखात कशी राहील? केवळ दुःखाच्या बळावर एवढा पल्ला गाठता येत नाही. कृतार्थता हे त्यांच्या त्यागाचे बक्षीस नव्हते. ती त्यांना रोजच्या कामातच मिळत होती.

दुसरा धोका याहून व्यावहारिक आहे. सेवा म्हटले की मोबदल्याचा प्रश्न विचारणे असभ्य ठरते. भारतातील अंगणवाडी सेविकांस आरंभापासून वेतनाऐवजी 'मानधन' दिले गेले, कारण त्यांचे काम स्वयंसेवेचे मानले गेले. त्या गर्भवतींची नोंद ठेवतात, मुलांस आहार देतात, वजने घेतात, शिकवितात. अखेर एप्रिल २०२२ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की या स्त्रिया ग्रॅच्युइटीच्या कायद्याखाली लाभास पात्र आहेत. ज्या कार्यास आपण वंदन करतो, त्या कार्याचे दाम देताना आपला हात आखडतो, ही विसंगती आहे. आणि ती केवळ भारतातच आढळते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आपल्या बैठकांत व मंडळांच्या वर्गांत ज्या भगिनी संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी मुलांस मराठी शिकवितात, त्यांचा गौरव आपण गणेशोत्सवात शाल व श्रीफळ देऊन करतो. तो करावाच. परंतु त्यांच्या अनुभवास आपण कधी सल्ल्याचा मान दिला आहे काय? घरी क्रिओल बोलणारे मूल मराठी अक्षरांसमोर का गोंधळते, कोणते गाणे त्यास रिझविते, कोणत्या पुस्तकाने ते कंटाळते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक आहे? मुले वर्गात येत नाहीत, अशी तक्रार आपल्या सभांतून वारंवार ऐकू येते. कोसबाडच्या त्या दोघींनी अशा वेळी पालकांवर ठपका ठेवला नाही. त्या उठून मुलांच्या दाराशी गेल्या. तेव्हा माझी कार्यकारी मंडळांस नम्र विनंती एवढीच आहे की, पुढील वर्षाचे वर्ग ठरविण्यापूर्वी या शिक्षिकांस बैठकीस बोलवावे, त्यांचे म्हणणे टिपून घ्यावे, त्यांच्या प्रवासाचा, साहित्याचा व वेळेचा खर्च अंदाजपत्रकात मांडावा. आणि जेथे मुले येत नाहीत तेथे, कोणाच्या तरी घराच्या ओसरीवर का होईना, एक वर्ग नेऊन पाहावा.