रक्तातले जुने दप्तर

इतिहासाच्या माणसाने मधुमेहावर काय बोलावे, असे कुणी म्हणेल. पण गेलेला काळ मागे काय ठेवून जातो हाच तर आमचा विषय, आणि या रोगात नेमके तेच कोडे आहे.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले. तोवर अशी मुले फार दिवस काढीत नसत. आता ती जगू लागली. आणि जगली म्हणूनच पुढे त्यांचे डोळे, मूत्रपिंडे, रक्तवाहिन्या बिघडू लागल्या. साखर कडक आवरली तर हे टळेल काय? वैद्यकात हा वाद कित्येक वर्षे चालला.

१९८३ साली अमेरिका व कॅनडात मोठा प्रयोग सुरू झाला. थॉम्पसनसारखाच मधुमेह असलेल्या १४४१ रुग्णांच्या दोन तुकड्या केल्या. एकीची साखर काटेकोर आवरली, दुसरीला नेहमीचे उपचार. १९९३ त प्रयोग थांबला, काटेकोर उपचार सर्वांनाच शिकवले, आणि हळूहळू दोन्ही तुकड्यांची साखर जवळजवळ सारखी झाली. मग भेदही मिटायला हवा होता. तो मिटला नाही! २००५ साली हिशेब निघाला तेव्हा पहिल्या तुकडीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि या विकारांनी येणारा मृत्यू यांचा एकत्रित धोका ५७ टक्क्यांनी कमी भरला.

शरीर विसरत का नाही? पाटाला पाणी आले की आपण दारे धरतो. या वाफ्याचे दार फोडायचे, त्याचे बांधायचे. जनुकांचेही तसेच. ती बहुतेक साऱ्या पेशींत सारखीच. पण चालू कोणते, बंद कोणते, हे ठरवण्यात त्यांना चिकटलेल्या मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणांचा हात असतो. रमा नटराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रुग्णांचे प्रयोग संपतानाचे जपलेले नमुने आणि सोळा-सतरा वर्षांनंतरच्या रक्तपेशी ताडून पाहिल्या. काही खुणा तशाच टिकल्या होत्या, असे त्यांनी २०१६ साली दाखवले. जुने दप्तरच म्हणा ना!

रक्तदाबाची गोष्ट मात्र वेगळी. बरे वाटले की दाबाची गोळी सोडणारे आपल्या गावांत थोडे नाहीत, म्हणून सांगतो. आपल्याकडे सर्रास दिसतो त्या, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावर ब्रिटनमध्ये प्रयोग झाला. रक्तदाब कडक आवरलेल्यांत पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९८ साली दिसले. प्रयोग संपल्यावर दोन वर्षांत दोन्ही गटांचा दाब सारखा झाला. आणि २००८ च्या अहवालात तो फायदा उरला नव्हता.