कंपनीच्या कचेरींतील एक हळवा कारकून

ईस्ट इंडिया कंपनीचें नांव निघालें कीं आपल्याला क्लाइव्ह आठवतो, हेस्टिंग्ज आठवतो, खडकीची लढाई आठवते. पण लंडनमध्यें लेडनहॉल रस्त्यावरील कंपनीच्या मुख्य कचेरींत चहा, नीळ व कापड ह्यांचे आंकडे वह्यांत उतरवीत जन्म काढणारे कारकून कोणाच्या ध्यानांत येत नाहींत. निबंधकार चार्लस् लँब हा त्यांतलाच एक.

बोलतांना अडखळत असल्यामुळें विश्वविद्यालयाची वाट त्याला बंद झाली, आणि १७९२ च्या एप्रिलमध्यें, वयाच्या अठराव्या वर्षीं, तो कंपनीच्या हिशेबखात्यांत लागला. पहिलीं तीन वर्षें पगार असा नव्हताच. मन विलक्षण हळवें. १७९५-९६ च्या हिवाळ्यांत त्याला सहा आठवडे हॉक्स्टन येथील वेड्यांच्या इस्पितळांत काढावे लागले. पुढें त्याच १७९६ च्या सप्टेंबरांत घरावर वज्राघात झाला. दिवसा शिवणकाम आणि रात्रीं आजारी आईची शुश्रूषा ह्यांनीं शिणलेली त्याची बहीण मेरी हिला वेडाचा झटका आला व तिच्या हातून आईचा वध झाला. एकवीस वर्षांच्या ह्या कारकुनानें बहिणीचा भार जन्मभरासाठीं आपल्या शिरावर घेतला. त्यानें लग्न केलें नाहीं.

कचेरीला तो फार कंटाळे. सणांच्या सुट्ट्या एकेक करून बंद झाल्या, ह्याचें शल्य त्याच्या लेखांतून डोकावतें. १८२५ च्या एका निबंधांत त्यानें असा कारकून रंगविला आहे कीं, तो झोपेंतहि कचेरीचेंच काम करतो आणि हिशेबांत चूक झाल्याच्या भयानें दचकून जागा होतो. हें चित्र कल्पनेचें नव्हे!

असें असतां एक गोष्ट मोठी चमत्कारिक वाटते. बर्नार्ड बार्टन नांवाचा त्याचा कविमित्र बँकेंत कारकून होता. नोकरी सोडून लेखणीवर पोट भरावें असें त्याच्या मनानें घेतलें. लँबनें त्याला उत्तेजन दिलें असेल असें कोणासहि वाटेल; पण १८२३ च्या जानेवारींत त्यानें पत्र लिहून बार्टनला कळकळीनें बजावलें कीं, प्रकाशकांचा गुलाम होण्यापेक्षां बँकेचें मेजच बरें. ह्यांत ढोंग नव्हतें. ज्या मेजानें त्याचा जीव गुदमरला त्याच मेजावर मेरीची भाकरी अवलंबून होती. आणि १८२० पासून ‘एलिया’ ह्या नांवानें गाजलेले त्याचे निबंधहि कचेरीच्या वेळेबाहेर लिहिलेले होते. तें नांवसुद्धां त्यानें एका जुन्या सोबती कारकुनाचेंच उसनें घेतलेलें!

अखेर प्रकृतीच्या कारणावरून २९ मार्च १८२५ रोजीं तो ३३ वर्षांच्या चाकरींतून मोकळा झाला. प्रथम आनंदानें त्याला कांहीं सुचेना. पुढें मात्र रिकामे दिवस खायला उठले, आणि अतिश्रमापेक्षांहि निरुद्योग वाईट, असें तोच मित्रांना लिहूं लागला.

पेन्शन सालीना ४५० पौंड होतें. त्यांतून ९ पौंड कापून घेऊन मेरीची तरतूद केलेली होती. लँब १८३४ च्या डिसेंबरांत वारला. मेरी १८४७ पर्यंत जगली.